जिन्याखालचे चार दिवस

प्रश्न सदतिसावा होता. त्याआधीचे छत्तीस प्रश्न त्या पोरीनं मला सोफ्यावर बसवून विचारले आणि मी वाटाणे सोलावेत तशी उत्तरं तिच्या पुढ्यात टाकत गेली. जन्म, शाळा, लग्न, मुलं किती, जगलेली किती. मग तिनं पान उलटलं, पेन नीट धरला आणि आवाज मऊ करून म्हणाली, "काकू, तुमची शेवटची पाळी कधी आली होती?" तो मऊ केलेला आवाज ऐकूनच माझं डोकं सणकलं. मयताच्या घरी जाणाऱ्या बाया दारात चप्पल काढता काढता असाच आवाज काढतात. समोर दिवाणावर माझी सासू दुलारीबाई जपमाळ घेऊन बसली होती. तिचा उजवा कान बहिरा आहे, डावा नाही, आणि डावा माझ्याकडं होता. माळ फिरायची थांबली. "मागच्या महिन्यात," मी म्हटलं, "अठरा तारखेले." पोरीनं लिहून घेतलं. माळ पुन्हा फिरायला लागली. खरं तर माझी शेवटची पाळी पाच वर्षांपूर्वी येऊन गेली होती, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय या जगात कोणालाच ठाऊक नव्हती.

पोरीचं नाव रुचिका. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातून आली होती, नर्सिंग शिकलेली, गळ्यात ओळखपत्र, सोबत थर्माकोलचा डबा. तिला घेऊन आली आमच्या फुलचूरची आशा वर्कर नंदाबाई, जी कोणाच्याही घरात चप्पल न काढता शिरते आणि चहा न घेता निघत नाही. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: पर्यावरण आणि जीवनशैलीचा रजोनिवृत्तीच्या वयावर होणारा परिणाम. निवृत्ती म्हणे. जणू काही निरोप समारंभ होतो, शाल आणि नारळ मिळतो, हेडमास्तर दोन शब्द बोलतात. मी तिरोड्याच्या कॉलेजात बी.ए. केलं आहे, मराठी मला वाचता येतं, पण असले शब्द कोण पाडतं ते मला आजवर कळलं नाही. ज्याला कधी पाळी आली नाही असाच कोणीतरी पाडत असणार.

आता हे पाच वर्षांचं कसं ते सांगते, नाहीतर मी वेडीच आहे असं वाटायचं. आम्ही पोवार. आमच्या घरात देवाचं फार कडक. स्वयंपाकघराला लागून देवाची खोली, तिथं मातीची चौरी, म्हणजे देवाचा ओटा, आणि त्या चौरीची सावली पडते तिथपर्यंत महिन्याच्या चार दिवसांत बाईनं फिरकायचं नाही. गावातलं घर सोडून फुलचूरला स्लॅबचं घर बांधलं, टाइल्स लावल्या, वायफाय घेतलं, पण जिन्याखाली सहा बाय आठची खोली मात्र नकाशातच काढून घेतली. मिस्त्रीनं विचारलं, इथं मोटार ठेवाची का? माझा नवरा तिलक त्याला म्हणाला, नाही, बायको ठेवाची. दोघंही हसले. त्या खोलीत एक बाज, एक वेगळं ताट, एक गडवा आणि भिंतीत एवढीशी जाळी. महिन्याचे चार दिवस मी तिथं बसायची. मला तिथं टाकतात असं माझ्या पुण्याच्या पोराला, स्वप्निलला वाटतं. तो फोनवर म्हणतो, आई, हे बंद कर, हे मागासलेपण आहे. त्याला काय कळतं? पुण्यात त्याला भाजी चिरूनही मिळते. त्या चार दिवसांत मला पाच वाजता उठावं लागत नाही. सासूचे गुडघे चोळावे लागत नाहीत, पाणी तापवावं लागत नाही, डबा भरावा लागत नाही, कोणी आलं तर चहा टाकावा लागत नाही. मी पडते. जाळीतून शेजारच्या धानाच्या मिलची घरघर येते आणि मी दिवसाढवळ्या झोपते. भूक लागली की दारात ताट सरकवलं जातं, आणि ते सरकवतो तिलक, कारण घरात दुसरी बाई नाही आणि सासूचे हात कापतात.

तिलकचा स्वयंपाक हा एक वेगळाच तमाशा आहे. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, नाक्यावर. तांब्याची तार तो अशी गुंडाळतो की बघत राहावं, पण भाताला पाणी किती घालायचं ते त्याला वीस वर्षांत समजलं नाही. चार दिवस भात एकतर खीर होतो नाहीतर खडे. वरणात मीठ दोनदा. तरी संध्याकाळी भैय्यालालच्या मेडिकलवर बसून तो सांगतो, "आपल्या घरी चार दिवस आपणच सैपाक करतो भाऊ, आपण काही जुन्या विचाराचे नाही." आणि येताना काळ्या पिशवीत पॅडचं पाकीट घेऊन येतो. ते घेताना तो आवाज कमी करत नाही, हे मला नंदाबाईनं सांगितलं. उलट जरा वाढवतोच. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दर पंधरा दिवसांनी केसांना काळं लावतो, तोंडात खर्रा, आणि बायकोची पाळी अजून चालू आहे ही गोष्ट गावभर सांगून छाती फुगवतो. त्यात त्याचं काय कर्तृत्व ते त्यालाच ठाऊक. मी ती पाकिटं माळ्यावर ठेवायची, आणि मग एकेक पॅड कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकायची. कोरंच.

पहिल्या दोन महिन्यांत पाळी आली नाही तेव्हा मला वाटलं पुढंमागं झाली असेल. तिसऱ्या महिन्यात समजलं. त्या दिवशी सकाळी मी गॅससमोर उभी होती, सासू देवाच्या खोलीतून म्हणाली, "यंदा उशीर झाला वो तुले. सुटली का काय?" आमच्याकडं असंच म्हणतात, सुटली. सुटलेल्या बाईला मान असतो, लोणच्याच्या बरणीत हात घालता येतो, देवाचा नैवेद्य तिनंच करायचा असतो. सासूचे गुडघे गेले, ती कधीची वाट बघून राहिली होती की मी सुटते कधी आणि देवाचं सगळं माझ्या गळ्यात टाकते कधी. पहाटे चारला अंघोळ, ओल्या लुगड्यानं वेगळ्या चुलीवर नैवेद्य, रोज, तीनशेपासष्ट दिवस. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही जी, आजच आली." आणि मी गॅस बंद केला आणि जिन्याखाली जाऊन बसली. संध्याकाळी तिचा संशय फिटावा म्हणून देवघरातलंच कुंकू कालवून जुन्या परकराला लावलं, धुतलं, आणि तो परकर मागच्या तारेवर तिला दिसेल असा वाळत घातला. देवाला राग आला असेल तर येऊ दे. त्याच्या नैवेद्याला माझे चार दिवस लागत होते.

तेव्हापासून मी हे काम नीट करते. कोणतीही कला शिकायला वेळ लागतो. तारीख कधी दोन दिवस आधी घ्यायची, कधी तीन दिवस उशिरा. उन्हाळ्यात एखादा महिना सोडून द्यायचा, म्हणजे खरं वाटतं, आणि तो महिना मग रडत काढायचा. आदल्या दिवशी कंबर धरून चालायचं. ऐन सणात घ्यायची नाही, लोक डोळे वटारतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी घ्यायची, पाहुणे गेल्यावर, भांड्यांचा ढीग पडल्यावर. मला वाटत होतं मी फार हुशार आहे. सगळ्या घराला फसवून मी महिन्याला चार दिवस चोरत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांची कीव करत होती.

तर ती रुचिका पुढं विचारत गेली. स्वयंपाक चुलीवर की गॅसवर? चुलीवर किती वर्षं? मी म्हटलं, लहानपणापासून लग्नानंतर गावी होतो तोवर, धरा चोवीस. चुलीत काय जाळायचात? लाकडं, तुराट्या, शेणाच्या गोवऱ्या, धानाचा कोंडा. खोलीला खिडकी होती का? मी हसली. तंबाखू, खर्रा, गुडाखू? सासूसमोर मी म्हटलं, नाही. सासूनंही मान हलवली, नाही नाही. दोघींच्याही उशीखाली गुडाखूची डबी आहे, दोघीही सकाळी परसात पाठ करून त्या काळ्या तंबाखूनं दात घासतो, आणि दोघींनाही एकमेकींचं माहीत आहे. फवारणीशी संबंध आला का? आला ना बाई, सासऱ्याच्या पाठीवर पंप असायचा आणि पाणी कोण भरून द्यायचं? औषध काठीनं ढवळायचं असतं, पण काठी सापडायची नाही तेव्हा हात होता. धानाच्या रोवणीला किती तास वाकून उभं? जितके तास उजेड तितके. झोप किती? ताण आहे का, अजिबात नाही, थोडा, मध्यम की खूप? या प्रश्नावर माझी सासूच बोलली. "तिले कायचा ताण? घरीच तर राह्यते." रुचिकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "थोडा." तिनं 'थोडा'च्या चौकोनात बरोबर अशी खूण केली, जशी शाळेत उत्तर बरोबर आलं की करतात.

मग तिनं एक रंगीत तक्ता काढला. नंदाबाई चहा फुरकत बघत होती. रुचिका म्हणाली, "काकू, आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसपर्यंत असते. बाहेरच्या देशांत तर पन्नास-एकावन्न. पण चुलीचा धूर, तंबाखू, अपुरं खाणं, फार कष्ट, यांनी ती लवकर जाते असं दिसतं. चाळिशीच्या आत गेली तर डॉक्टर त्याला आजारच धरतात. हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. म्हणून आम्ही हे वय विचारतोय." मी तक्त्याकडं बघत राहिली. त्यावर एक गोरी बाई होती, डोळे मिटून श्वास घेणारी, आणि शेजारी हिरव्या भाज्या. खाली लिहिलं होतं, ताण घेऊ नका, सकाळी फिरायला जा. माझ्या कानात मिलची घरघर वाढल्यासारखी झाली. मी चव्वेचाळीस वर्षांची. अजून दोन-तीन वर्षं माझी खरीच पाळी असायला हवी होती. पाच वर्षं मी ज्याला चोरी समजत होती ते दिवस माझेच होते. मला कोणीतरी आधीच लुटलं होतं, आणि मी वेडी माझ्याच घरात माझीच वस्तू लपून लपून चोरत होती. आणि हे मला कोण सांगत होतं? चोवीस वर्षांची पोरगी, जिच्या नखाला कधी धानाच्या पऱ्ह्यांचा चिखल लागला नाही, आणि उपाय म्हणून सांगत होती, फिरायला जा.

"थोडं रक्त द्यावं लागेल," ती म्हणाली. मी हात पुढं केला. सुई टोचली, नळी भरली, लाल, दाट, चांगलं रक्त. एवढं आहे तर अंगात, माझ्या मनात आलं. मी सहज विचारलं, "याच्यात काय दिसते बाई?" ती नळीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाली, "एक हार्मोन असतं, त्यावरून पाळी चालू आहे की थांबली ते कळतं. आठ-दहा दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येईल." माझा हात तसाच पुढं राहिला. "कोणत्या मोबाइलवर?" नंदाबाई कपात बिस्कीट बुडवत म्हणाली, "म्या टाकला ना नंबर, तिलकभाऊचा. तुमच्या कार्डावर तोच हाय." आणि खरंच होतं. गॅसला तोच, राशनला तोच, बँकेत तोच, स्वप्निलच्या शाळेत तोच, माझ्या गर्भाशयाच्या सोनोग्राफीलाही तोच. माझ्याकडं फोन आहे, पण तो व्हिडिओ बघायचा फोन. नंबर म्हटलं की नवऱ्याचा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. "माझा टाका ना जी," मी म्हटलं. रुचिका म्हणाली, ऑनलाइन भरून झालंय काकू, आता बदलता येत नाही, पण घरातच तर आहे ना. सासूची माळ पुन्हा थांबली होती. मी म्हटलं, हो, घरातच आहे.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. तिलकचा फोन टेबलावर वाजला की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. तो अंघोळीला गेला की मी फोन हातात घ्यायची, पण त्यानं बोटाचा ठसा लावून ठेवलेला. बायकोपासून लपवण्यासारखं त्याच्याकडं काय आहे? बेडकासारखी तोंडं फुगवलेल्या दोन-चार मित्रांचे फोटो आणि सकाळचे सुविचार. मी भाजी फोडणीला टाकताना सारखं तेच डोळ्यापुढं यायचं: पहाटे चार, ओलं लुगडं, चूल. त्या चुलीत पुन्हा धूर. आणि जिन्याखालच्या खोलीत मोटार. माझं उरलेलं सगळं आयुष्य असं महिन्याचे तीसही दिवस उभं. ते चार दिवस गेले तर मी मरणार नाही हे मला माहीत होतं. बाया मरत नाहीत, तेच तर वाईट आहे.

माझी माय सुमित्राबाई मेली नाही. बोदलकसाच्या तळ्याच्या अलीकडं आमचं गाव, चार एकर धान. माय दिवसभर वाकलेली, बांधीत वाकलेली, चुलीपाशी वाकलेली, गोठ्यात वाकलेली. तिचा चेहरा मला आठवतो तो फक्त त्या चार दिवसांतला. गोठ्यामागं एक छपरी होती, तिथं ती बसायची. शाळेतून आली की मी धावत जायची, लांब उभी राहायची, शिवायची नाही, आणि ती मला गोष्टी सांगायची. केस मोकळे सोडून फणीनं विंचरत बसायची. तळ्याकडचा वारा यायचा, ती डोळे मिटायची. त्या तक्त्यावरच्या गोऱ्या बाईनं काय मिटावेत असे. बारा-तेरा वर्षांची असताना मला वाटायचं, बाई होणं म्हणजे हेच, महिन्यातून चार दिवस आपलं माणूस परत मिळणं. मग एका पावसाळ्यात माय बसलीच नाही. शेजारच्या बाया आल्या, हसल्या, म्हणाल्या, सुटली बाई सुमित्रा, नशीबवान. तेव्हा ती अडतीसची असेल. कोणाला नवल वाटलं नाही, आमच्या गावात सगळ्याच अडतीस-चाळीसला सुटायच्या. तेच वय असतं असं आम्ही समजत होतो. सुटल्यावर माय बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. छपरीत बापानं वासरू बांधलं. त्या वासराचा मला इतका राग यायचा की मी एकदा त्याला काठीनं मारलं, आणि बापानं मला मारलं, आणि माय ओरडली, काऊन मारून राहिले पोरीले? ती ओरडली तीही कामातूनच, शेणाचे हात वर करून. आता त्या पोरीच्या चौकोनात हे कुठं बसतं? तिच्या कागदावर 'मायचं वय किती असताना थांबली' असा प्रश्न होता. मी अडतीस सांगितलं. तिनं अडतीस लिहिलं. झालं, माझी माय आकडा होऊन नागपूरला गेली.

सतरा तारखेला दुपारी तिलक घरी आला. दुपारी तो कधी येत नाही. सासू दिवाणावर कलंडली होती. मी गंजात भात वेळून ठेवत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, फोन हातात, तोंडात खर्रा नाही, यावरूनच मला समजलं.

"त्या नागपूरच्या पोरीचा फोन आला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "तू काय तारीख देल्ली तिले? ती म्हणते रक्तात तर बंद होऊन बरेच दिवस झाले दिसते."

मी पळी ठेवली. खोटं बोलायचं तर शंभर खोटं तयार होती. पण त्या क्षणी मला त्याचा, माझा, त्या पळीचा, सगळ्याचा वीट आला. "पाच वर्ष झाले," मी म्हटलं.

"पाच?" तो दाराला टेकला. ओठ हलवत मोजत असावा. "पाच वर्ष मी सैपाक करून राहिलो? फुकट?"

"फुकट नाही. जेवत होते ना तुम्हीही."

"लोकाले तोंड काय दाखवू मी? अवो, मी पोळ्या लाटल्या तुह्यासाठी."

"पोळ्या तुम्हाले येतच नाही. भात केला."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी कोणा परपुरुषाबरोबर सापडली. तसं असतं तर कदाचित त्याला जास्त समजलं असतं. बाई झोपण्यासाठी खोटं बोलते, नुसतं एकटीनं झोपण्यासाठी, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. "काऊन केलं?" त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजात खरंच काहीतरी विचारल्यासारखं होतं. मी थकली होती, जी, एवढंच म्हणायचं होतं मला. पण वीस वर्षांत त्याला ते दिसलं नाही तर आता ऐकून काय होणार. मी म्हटलं, "वाटलं म्हणून."

"मायले सांगतो," तो म्हणाला.

"सांगा."

तो बैठकीत गेला. मी गॅस बंद केला आणि ओट्याला हात टेकून उभी राहिली. दिवाण करकरला, सासू उठून बसली. "का भयो रे?" ती आमच्या पोवारीत म्हणाली. पंख्याचा आवाज येत होता. मी देवाच्या खोलीकडं बघितलं, तिथल्या चुलीकडं, कोपऱ्यात रचलेल्या लाकडांकडं, आणि मनात म्हटलं, चल, सुटली तू ओमेश्वरी, नशीबवान.

"काही नाही," तिलक म्हणाला. "ती बाहेर बसली. मी करतो सैपाक."

तो परत आला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी या माणसाला माझी दया आली. छातीत काहीतरी हललं माझ्या, रडूच आलं असतं. तेवढ्यात तो माझ्या अगदी जवळ येऊन कुजबुजला, "कोणाले सांगू नको. त्या नंदाबाईले तर बिलकुल नाही. भैय्यालालच्या इथं समजलं तर लोक म्हणतीन, तिलकची बायको चाळिशीच्या आतच बुड्ढी झाली. म्हणतीन याच्यातच काही कमी असन. मी पाकीट आणत जाईन पहिल्यासारखंच." आणि त्यानं समोरच्या स्टीलच्या डब्यात बघून कपाळावरची काळी केलेली बट मागं सारली.

हलल्या जागी सगळं पुन्हा बसलं. मी त्याच्याकडं बघितलं. दया नव्हती, भीती होती, आणि तीही माझी नाही, स्वतःची. याच्या अब्रूवर माझी झोप उभी राहणार होती. मला इतकी किळस आली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की दोन्ही मला एकत्र सोसवेना. "ती पोरगी आणखी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही हाडाबिडाचं सांगत होती. तपासून घ्या म्हणे. बघू दिवाळीनंतर." त्यानं भाताच्या गंजावरचं झाकण उचललं, आत बघितलं, भात झालेला आहे हे बघून त्याला बरं वाटलं. मग त्याच्या कपाळावर आठी आली. "पण हे असं किती दिवस चालवाचं? कधीतरी बंद झाली म्हणून सांगाच लागन. बायांची साधारण कोणत्या वयापर्यंत राह्यते?"

मी पदर खोचलेला सोडला. जिन्याखाली जायला निघाली होती, दारात थांबली.

"पंचावन्न," मी म्हटलं. "चांगल्या खात्यापित्या घरच्या बायांची साठपर्यंतही राह्यते."

तो विचारात पडला. हातातलं झाकण त्यानं उलटं ठेवलं.

"मंग आपली साठ धर," तो म्हणाला.